नाव नको, माप सांगा: रोल्स-रॉईस चिलखती गाडीच्या मॉडेलसाठी सुटे भाग कसे शोधावेत

स्क्रॅचबिल्डला, म्हणजे तयार किटशिवाय मॉडेल घडवायला, पहिल्यांदा हात घातला तेव्हा चार महिने मी चुकीचा प्रश्न विचारत फिरले. "रोल्स-रॉईसचं चाक मिळेल का?" "व्हिकर्सच्या गनचा बॉल माउंट आहे का?" दुकानदार मान हलवायचे आणि मी रिकाम्या हाताने घरी यायचे. मग एके दिवशी वहीत बघून विचारलं, "काका, सहा मिलिमीटरचं, आरपार भोक असलेलं काही गोल आहे का?" काकांनी मागे न बघता फळीवरून पाकीट काढून दिलं. बांगड्यांना लावायचे मणी होते ते. टरेटच्या (गाडीवरच्या बुरुजाच्या) चारही बॉल माउंटचं, म्हणजे गन ज्यातून बाहेर येते त्या गोळ्यांचं, काम त्या एका पाकिटात झालं.

या लेखात मी तेवढंच सांगणार आहे, पण सविस्तर. नुसत्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून मॉडेल उभं करताना काही भाग हाताने धड होत नाहीत: चाकं, गोल घुमट, दिव्यांच्या काचा, गनचं पन्हाळीदार जॅकेट. हे भाग दुसऱ्या कशातून तरी उचलावे लागतात. त्यालाच आपण डोनर पार्ट म्हणतो. तो शोधायचा तर भागाचं नाव विसरायचं आणि त्याचं माप व आकार घेऊन बाहेर पडायचं.

उदाहरणाला मी माझीच गाडी घेते: १/३५ स्केलमधली रोल्स-रॉईस चिलखती गाडी, १९२१ चा इंडियन पॅटर्न. पहिल्या महायुद्धाच्या आसपासची दुसरी कुठली गाडी तुमच्या मनात असेल तरी पद्धत हीच.

१. आधी गाडीचं वर्ष पक्कं करा

"रोल्स-रॉईस आर्मर्ड कार" म्हणजे एकच गाडी नव्हे. ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलासाठी, म्हणजे रॉयल नेव्हल एअर सर्व्हिससाठी, सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर चिलखत चढवून पहिल्या तीन गाड्या ३ डिसेंबर १९१४ ला मिळाल्या. त्या १९१४ च्या नमुन्याला तारांची चाकं होती. १९२० च्या नमुन्यात चाकं बदलून तबकडीची आली आणि रेडिएटरपुढचं चिलखत जाड झालं. १९२४ च्या नमुन्यात टरेटवर कमांडरसाठी छोटा कपोला (वर उठलेली टेहळणीची टोपी) आला. इंडियन पॅटर्न १९२० च्या नमुन्यावर बेतलेला आहे, पण आत जागा मिळावी म्हणून त्याचं अंग लांबवलेलं आहे. वर घुमटासारखं टरेट आणि त्यात मशीनगनसाठी चार बॉल माउंट.

हे आधी ठरवलं नाही तर तारांच्या चाकांचा सुंदर सेट विकत घ्याल आणि तो कपाटात पडून राहील. माझा पडला आहे.

वर्ष ठरल्यावर त्याच नमुन्याचे निदान दहा फोटो गोळा करा आणि प्रत्येकावर नमुना लिहून ठेवा. जालावर १९१४, १९२० आणि १९२४ च्या गाड्यांचे फोटो एकाच नावाखाली टाकलेले असतात, त्यामुळे खालच्या ओळीवर विश्वास ठेवू नका. आधी चाक आणि टरेट बघा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना एक मोठी सोय आहे. अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या नगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावरची रोल्स-रॉईस चिलखती गाडी उभी आहे. संग्रहालय १९९४ पासूनचं आहे. जमल्यास एकदा जाऊन याच. पत्र्याच्या कडा किती पातळ दिसतात, रिव्हेटची डोकी किती उठावाची असतात, हे फोटोवरून कधीच नीट कळत नाही. जाताना सोबत कुणाला तरी न्या आणि त्या माणसाची उंची वहीत लिहून ठेवा. फोटोला परवानगी आहे का, हे आत शिरतानाच विचारा. असेल तर लांब उभं राहून, झूम करून, कॅमेरा चाकाच्या मध्याच्या उंचीवर धरून बाजूचा फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक फुगतं आणि मागचं आखडतं. त्यावरून घेतलेलं प्रत्येक माप चुकतं.

२. मापांची वही करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाजारात जे काही सापडतं ते या वहीच्या जोरावरच.

त्या काळची ब्रिटिश मापं फूट-इंचांत असतात. १/३५ स्केलला १ इंच म्हणजे ०.७२६ मिलिमीटर आणि १ फूट म्हणजे ८.७१ मिलिमीटर. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. १९२० च्या नमुन्याची गाडी सुमारे ४.९३ मीटर लांब, १.९३ मीटर रुंद आणि २.५४ मीटर उंच होती. ३५ ने भागलं की मॉडेल १४१ मिमी लांब, ५५ मिमी रुंद आणि ७२.५ मिमी उंच येतं. इंडियन पॅटर्नचं अंग आणि टरेट वेगळं, त्यामुळे त्यासाठी रुंदी आणि चाकं आधाराला धरायची आणि बाकीचं फोटोवरून काढायचं.

चाकांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जुन्या बीडेड-एज (कडेला गोठ असलेल्या) टायरवर ८९५ × १३५ असं लिहिलेलं असेल, तर पहिला आकडा टायरचा बाहेरचा व्यास असतो आणि दुसरा जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आजच्या गाड्यांच्या टायरवर रिमचं माप असतं, त्या सवयीने वाचलं की चाक भलतंच मोठं होतं. ८९५ × १३५ हे सिल्व्हर घोस्टच्या काळातलं नेहमीचं माप. ३५ ने भागा: व्यास २५.६ मिमी, जाडी ३.९ मिमी. फोर्ड मॉडेल टीची गोष्ट वेगळी, तिथे मापं इंचांत. ३० इंची टायर म्हणजे ७६२ मिमी, आणि १/३५ ला २१.८ मिमी.

ज्या भागाचं माप कुठेच मिळत नाही, त्यासाठी चाकाचीच पट्टी करा. समजा, बाजूने काढलेल्या फोटोत चाक ३२ मिमी भरतंय आणि टरेटचा घुमट ५० मिमी. मग मॉडेलमधला घुमट = २५.६ × ५० ÷ ३२ = ४० मिमी. घुमट गाडीच्या मध्यावर असतो आणि चाक कॅमेऱ्याच्या जवळच्या बाजूला, म्हणून खरा आकडा किंचित मोठा निघतो. तीन वेगवेगळ्या फोटोंवरून काढा. तिन्ही उत्तरं एक-दीड मिलिमीटरच्या आत आली तर माप पक्कं समजा. एखादं फार लांब गेलं तर तो फोटो बहुधा दुसऱ्या नमुन्याचा असतो.

वहीच्या प्रत्येक पानावर एकच भाग, आणि त्यात चारच गोष्टी: आकार (गोल, नळी, तबकडी, जाळी, पट्टी), मिलिमीटरमध्ये माप, किती मिमी कमीजास्त चालेल, आणि नग किती. भागाचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात. "किती चालेल" हा रकाना सोडू नका. चाकाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने चुकला तर कुणाला कळत नाही, पण चार चाकांतलं एक अर्ध्या मिलिमीटरने वेगळं असेल तर गाडी टेबलावर लंगडते.

३. काय विकत घ्यायचं, काय घडवायचं, काय शोधायचं

चिलखताचे सपाट पत्रे, पेट्या, मडगार्ड, पायरीच्या फळ्या हे सगळं स्वतः कापा. डोनर शोधत बसू नका. फक्त जाडीकडे लक्ष द्या. या गाडीचं चिलखत जास्तीत जास्त १२ मिमीच्या आसपास, म्हणजे १/३५ ला जेमतेम ०.३४ मिमी. अंगाला मजबुती हवी म्हणून आपण १ मिमीचा पत्रा वापरतो. तो बंद पेटीत खपून जातो, पण उघड्या झडपेची कड ३५ मिमीच्या पोलादासारखी दिसते. झडपा, दारं, रेडिएटरपुढच्या पट्ट्या ०.२५ किंवा ०.३ मिमीच्या पत्र्यातच कापा.

सांगाडा, पुढचा आस, स्टिअरिंग आणि पाटे (स्प्रिंगचे) डोनर किटमधून घ्या. पाटे हाताने करता येतात, पट्ट्या एकावर एक चिकटवून. पण चारही सारखे वाकवायला धीर लागतो, आणि पहिल्याच मॉडेलला तो तिथे खर्च करू नये असं मला वाटतं.

बाकीचं, म्हणजे गोल, घुमटाकार, जाळीदार आणि चकचकीत, बाजारातून.

४. डोनर किट निवडताना

१/३५ मध्ये रोल्स-रॉईस चिलखती गाडीचे किट मेंग आणि रोडेन या दोन कंपन्यांनी काढले आहेत. इंडियन पॅटर्नसाठी त्यातला खालचा अर्धा भाग घ्यायचा आणि वरचं अंग स्वतः बांधायचं. किट नवाकोरा घ्यायची गरज नाही. अर्धवट सोडलेला, टरेट हरवलेला, डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं) पिवळे पडलेला किट स्वस्त मिळतो, आणि आपल्याला टरेट आणि डेकल नकोच असतात. विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: सांगाड्याचे आणि चाकांचे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या फ्रेम शाबूत आहेत का, आणि त्यांचा आज काढलेला फोटो पाठवाल का. डब्यावरचं चित्र बघून पैसे देऊ नका.

व्हिकर्स गनसाठी आयसीएमचा १/३५ चा वेगळा छोटा किट येतो. गन सुमारे १.१२ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये ३२ मिमी. बॉल माउंटमधून बाहेर फक्त जॅकेटचा पुढचा भाग येतो, त्यामुळे गनचं मागचं अंग कापून दुसऱ्या कामाला ठेवता येतं. जॅकेटवरच्या पन्हाळ्या हाताने कोरायच्या फंदात पडू नका. तेवढ्यासाठी किट घेतला तरी पैसे वसूल.

त्या काळातल्या इतर गाड्यांचे किटही डोनर म्हणून बघा: आयसीएमची फोर्ड मॉडेल टी, कॉपर स्टेट मॉडेल्सची लँचेस्टर. दिवे, हँडब्रेक, जॅक, हत्यारांचे पट्टे अशा गोष्टी एकाच पिढीतल्या गाड्यांवर जुळून जातात.

स्केल वेगळं असेल तर गुणाकार करा. १/३२ चा भाग १/३५ ला आणायचा तर तो ९१.४ टक्के व्हायला हवा. म्हणजे १/३२ ची हत्यारपेटी खुशाल वापरा, पण २८ मिमीचं चाक २५.६ च्या जागी लावू नका. उलट कधीकधी परकं स्केल अचूक बसतं. जुन्या बाजारात मिळणाऱ्या १/४३ च्या विंटेज गाडीचं ९३५ मिमीचं चाक प्रत्यक्षात २१.७ मिमी भरतं. रोल्स-रॉईसला ते लहान, पण १/३५ च्या मॉडेल टीला २१.८ हवं असतं, तिथे ते चालून जातं.

एकाचं अंग दुसऱ्याच्या सांगाड्यावर ठेवणं चुकीचं वाटत असेल, तर खऱ्या गाड्यांचं काय झालं ते ऐका. दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेत काही रोल्स-रॉईस चिलखती गाड्यांची अंगं उचलून फोर्डसन ट्रकच्या सांगाड्यांवर बसवली गेली. भारतात १९३९ च्या सुमारास जुन्या क्रॉस्ली गाड्यांची अंगं शेव्हरोलेच्या सांगाड्यांवर चढली. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी तेव्हा जे केलं, तेच आपण लहान आकारात करतो.

५. बाजारात फिरताना

सोबत घ्यायच्या वस्तू:

- व्हर्नियर कॅलिपर. प्लॅस्टिकचा चालेल, पण शून्यावर नीट मिटणारा हवा.
- मापांची वही आणि पेन्सिल.
- २५.६, ४०, ७.३ अशा नेहमी लागणाऱ्या व्यासांची भोकं पाडलेलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड. गर्दीत व्हर्नियर काढण्यापेक्षा वस्तू भोकात घालून बघणं सोपं.
- झिपची छोटी पाकिटं आणि चिकटपट्टी. घेतलेल्या वस्तूवर तिथल्या तिथे माप लिहा.
- लहान चुंबक, लोखंड की पितळ ते कळायला. लोखंड गंजतं आणि वर्षभराने रंगातून डाग वर येतो.

पुण्यातली माझी फेरी सांगते. तुमच्या गावात नावं वेगळी असतील, पण दुकानं तीच.

मणी आणि खडे: तुळशीबाग, रविवार पेठ. स्क्रॅचबिल्डरसाठी याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही, कारण तिथे सगळा माल आधीच मिलिमीटरमध्ये बोलतो. चार एमएम, सहा एमएम, आठ एमएम. बॉल माउंटचे मणी मी इथेच घेतले. काकांनी थाळीत ओतून दिले आणि मी व्हर्नियर लावून एकेक मोजायला लागले. "ताई, सगळे सहाचेच आहेत," ते म्हणाले. पण पाकिटावर सहा असलं तरी माल ५.८ पासून ६.२ पर्यंत होता. चार सारखे निवडायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात काका स्वतःच सारखे मणी बाजूला काढू लागले आणि शेवटी विचारलं, "कशाला लागतात हो?" मी फोनवर गाडीचा फोटो दाखवला. त्यानंतर मी गेले की ते आधी नवीन आलेला माल पुढे करतात.

मण्याचं भोक गनच्या जॅकेटपेक्षा लहान असेल तर हाताच्या ड्रिलने हळूहळू मोठं करा. काचेचे मणी नकोत, ते तडकतात. प्लॅस्टिकचा किंवा लाकडी मणी घ्या. लाकडी मण्याला आधी पातळ फेविक्विक पाजून, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलं की रेषा बुजतात.

दिव्यांच्या काचांसाठी मागून सपाट, पुढून फुगीर असलेले पारदर्शक खडे. दहा इंची दिवा म्हणजे ७.३ मिमी. कडा सोडून काच सहा-साडेसहाची धरा. पैलू पाडलेला खडा घेऊ नका, तो दागिन्यासारखा चमकतो. गुळगुळीत घुमटाचा मागा. मागे चांदीचा लेप असतो, तोच आरशाचं काम करतो.

तबकडीच्या चाकांचे मधले तुंबे टिचबटणातून होतात. बटणाचा वरचा फुगीर अर्धा भाग मध्यभागी बसवला की सावली अगदी बरोबर पडते. मोठी चपटी कोटाची बटणं तबकडीला उपयोगी. चार भोकांची नको, मागे कडी असलेली घ्या, म्हणजे समोरून कोरी.

हार्डवेअर: बोहरी आळी. ओ-रिंग (रबरी कडं) मागा, टायर तिथेच आहेत. ओ-रिंगला दोन मापं असतात, आतला व्यास आणि दोऱ्याची जाडी. बाहेरचा व्यास = आतला व्यास + दोनदा जाडी. ३.९ जाडी आणि २५.६ बाहेरचा व्यास हवा, तर आतला १७.८ च्या जवळपास. दुकानात नेमकं तेच मिळणार नाही. १८ × ४ मिळाली तर बाहेरून २६ भरते, चालेल. एक धोका आहे: काही रबरांतून तेल पाझरतं आणि वरचा रंग महिनोन्‌महिने चिकट राहतो. म्हणून ओ-रिंग थेट न वापरता मी तिचा सिलिकॉनचा साचा करून रेझिनमध्ये चार प्रती ओतते. चारही एकसारख्या येतात.

वायर आणि इलेक्ट्रॉनिक्स: तपकीर गल्ली. सोल्डरची तार पाइपांसाठी उत्तम, हाताने वाकते आणि वाकलेलीच राहते. तिला हात लावल्यावर हात धुवा, बहुतेक तारांत शिसं असतं. केबलमधल्या तांब्याच्या बारीक तारा, हीट-श्रिंक नळ्या, पितळी स्टँड-ऑफ हे सगळं वजनाने किंवा डझनाने मिळतं. सरळ राहणारी बारीक तार हवी तर इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार घ्या, जाडी ०.२३ ते ०.२५ मिमी.

घुमट. खेळांच्या दुकानातून टेबल टेनिसचा चेंडू. अधिकृत चेंडूचा व्यास ४० मिमी, आणि वरच्या हिशोबातला घुमटही ४० च्या घरात येतो, हे पाहून मी दुकानातच उभी राहून वही पुन्हा तपासली होती. २०१४ पासून स्पर्धांचे चेंडू सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचे झाले. जुना सेल्युलॉइडचा चेंडू मॉडेलच्या सिमेंटने आणि ॲसिटोनने विरघळून बसतो, शिवाय ज्वालाग्राही असतो. नवा एबीएसचा घ्या. बहुतेक चेंडूंच्या मध्यावर सांधा असतो. कापताना तो सांधा खालच्या, टाकायच्या भागात जाईल असं धरा. घुमटाला पूर्ण अर्धा चेंडू लागत नाहीच. चेंडू पातळ असल्याने आतून इपॉक्सी पुट्टीचा थर द्या, मगच बॉल माउंटची भोकं पाडा. मी आधी भोकं पाडली आणि पहिला चेंडू उभा चिरला.

घरातून. चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी रेडिएटरला, इन्सुलिनच्या सुईचं नळीसारखं टोक कापून बारीक पाइपांना, संपलेल्या रिफिलची पितळी टोकं, बंद पडलेल्या घड्याळातली चक्रं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे डबाभर निकामी सामान असतं. ते मागताना सोबत वही न्या, नाहीतर सगळंच सुंदर दिसतं आणि काहीच उपयोगाचं निघत नाही.

जुना बाजार. पुण्याचा रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईकरांना चोर बाजारातला मटण स्ट्रीट आहे. इथे तुटकी खेळणी, जुने कॅमेरे, रेडिओ बघा. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवतालच्या बारीक दातांच्या रिंगा आणि रेडिओच्या बटणांवरच्या रेघा १/३५ ला फार कामी येतात. एक मात्र सांगते: धड असलेली जुनी टिनची किंवा डायकास्ट गाडी चाकांसाठी तोडू नका. तिची स्वतःची किंमत असते, आणि पैशांपेक्षा जास्त असते. ज्यांचं छप्पर किंवा आस आधीच गेलेला आहे, त्याच घ्या.

६. रिव्हेट

या गाडीचं रूप रिव्हेटांमध्ये आहे. मार्ग तीन. रेझिनचे ठिपके असलेले डेकल, जे सरळ रांगांना सर्वांत सोपे. मेंगचे १/३५ चे नट-बोल्टचे सेट, जिथे षटकोनी डोकं हवं तिथे. आणि जुन्या किटच्या नको असलेल्या भागावरचे रिव्हेट नव्या ब्लेडने तासून काढणं, जे फुकट पण डोळ्यांची परीक्षा घेणारं. कितीही घाई असली तरी एका पत्र्यावर दोन प्रकार मिसळू नका, प्रायमरनंतर लगेच कळतं.

७. परदेशातून मागवताना

आपल्याकडे मिळत नाही ते मागवावं लागतंच. सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ या शीर्षकाखाली खेळण्यांसोबत स्केल मॉडेलही येतात, आणि या शीर्षकावरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, २०२३ मध्ये ७० टक्के झालं. वैयक्तिक पार्सलचा हिशोब वेगळ्या शीर्षकाखाली लागू शकतो, म्हणून मागवण्याआधी त्या वेळचा दर तपासा आणि तेवढे पैसे बाजूला ठेवूनच ऑर्डर द्या.

कागदपत्रं तयार ठेवा:

- ओळख आणि पत्त्याचा पुरावा (कुरिअर केवायसी मागतं, आधार आणि पॅनची प्रत)
- विक्रेत्याचं बिल, वस्तूगणिक किमतीसह
- पैसे दिल्याची पावती किंवा बँकेची नोंद
- वस्तूचं चित्र आणि वर्णन असलेल्या पानाची छापील प्रत

माझं एक पार्सल तीन आठवडे अडकलं, कारण पाठवणाऱ्याने वर्णनात नुसतं "मशीनगन पार्ट्स, चार नग" असं लिहिलं होतं. वस्तू १० मिमीच्या होत्या. तेव्हापासून ऑर्डर देतानाच विक्रेत्याला कळवते की पार्सलवर "प्लॅस्टिक स्केल मॉडेलचे सुटे भाग, स्केल १/३५" असं पूर्ण लिहा आणि किंमत खरी टाका. रंग, थिनर, सिमेंट त्याच पार्सलमध्ये मागवू नका. ज्वालाग्राही द्रव विमानाने पाठवायला अडचण येते आणि त्यापायी सगळंच पार्सल थांबतं.

८. घरी आल्यावर आधी चाचणी

वेगवेगळ्या मालाचे भाग एकाच सिमेंटने चिकटत नाहीत. स्टायरीनला, म्हणजे मॉडेलच्या नेहमीच्या प्लॅस्टिकला, मॉडेलचं पातळ सिमेंट चालतं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या दुकानातला एबीएस पत्रा साध्या स्टायरीन सिमेंटने दर वेळी धड धरत नाही, त्याला एबीएसचं सिमेंट घ्या. व्हिजिटिंग कार्डाचं पीव्हीसी, पितळ, रेझिन, मणी यांना फेविक्विक किंवा इपॉक्सी. प्रत्येक डोनरचा न दिसणारा कोपरा घासून तिथे थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी नखाने उचकटून बघा. रेझिन घासताना पाण्यात बुडवून घासा आणि मास्क लावा, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट.

मग सगळे भाग चिकटून पुन्हा सुटणाऱ्या निळ्या पुट्टीने तात्पुरते टाचून गाडी उभी करा आणि ज्या कोनातून खऱ्या गाडीचा फोटो आहे त्याच कोनातून फोनने फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की चुकीचा भाग आपोआप वर येतो. माझ्या गाडीत दिवे मोठे निघाले. हातात घेऊन बघताना ते कधीच कळलं नसतं.

९. काळाची चूक टाळा

उरलेल्या भागांच्या डब्यात बहुतेक सामान दुसऱ्या महायुद्धाच्या रणगाड्यांचं असतं, आणि सगळ्यात मोठा सापळा तोच. जेरीकॅन १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत बनला. १९२१ च्या गाडीवर तो लावू नका. तिथे दोन गॅलनचे चौकोनी पेट्रोलचे डबे हवेत, आणि ते पत्र्याच्या पेटीतून अर्ध्या तासात होतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकातले, म्हणून घड्याळाचे किंवा चष्म्याचे स्क्रू वापरताना डोकं बघा: एकच आडवी खाच चालेल, फुली नाही. खोल नक्षीचे टायरही नंतरचे. डोनर टायरवर तशी नक्षी असेल तर फोटो बघून घासून काढा.

१०. उरलेलं मापाप्रमाणे ठेवा

शोधताना हव्या त्याच्या चौपट वस्तू घरी येतात. त्या "चाकं", "दिवे", "मणी" अशा नावांनी ठेवू नका. काड्यापेट्यांचे कप्पे एकमेकांना चिकटवून त्यांवर माप लिहा: गोल ३ ते ४, गोल ६, तबकडी २१ ते २२, नळी १ ते १.५. माझ्याकडे "तबकडी २१ ते २२" या कप्प्यात सध्या मोडक्या १/४३ च्या गाडीची चार चाकं पडून आहेत, फोर्ड मॉडेल टी सुरू होण्याची वाट बघत. त्यांतल्या एकाची आरी तुटली आहे. पुढच्या बुधवारी जुन्या बाजारात पाचवं चाक बघायचं आहे: २१.७, बाकीच्या तिघांइतकंच, नग एक.